मूल कोणाच्या कडेवर?

पौष-माघात सटाण्याच्या आसपासच्या कोणत्याही शिवारात गेले तर उन्हाळ कांद्याची लागण चाललेली दिसते. ओल्या वाफ्यात उकिडव्या बसलेल्या बायांची रांग. एका हातात रोपाची जुडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबायचे आणि बसल्या बसल्याच सरकायचे. बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला लुगड्याची झोळी टांगलेली असते. बागलाणच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ती झोयी. झोळीत चार-सहा महिन्यांचे मूल, आणि झोळीची दोरी हातात धरून बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी. मूल रडले की ती दोरी ओढते. फारच रडले तर त्याला कडेवर घेऊन वाफ्याच्या कडेला उभी राहते आणि आईच्या पाठीकडे पाहत राहते.

याच झोळीला अलीकडे शहरात भाव आला आहे. मूल अंगाशी बांधून घेण्याचे कापड दुकानातून विकत मिळते, ते कसे बांधावे हे शिकवणारे वर्ग भरतात. ‘अ‍ॅटॅचमेंट पेरेंटिंग’ किंवा ‘नैसर्गिक संगोपन’ असे त्याला नाव आहे. मुलाला हवे तितके दिवस अंगावर पाजावे, जास्तीत जास्त वेळ अंगाशी धरावे, जवळ घेऊन झोपावे, रडले की लगेच उचलावे, बाळंतपणात शक्य तितकी ढवळाढवळ टाळावी, अशी साधारण शिकवण. आपल्या वस्तीतली एखादी आजी हे ऐकून म्हणेल, ‘मग यात नवं काय?’ तिच्या पिढीत पाळणा घ्यायला पैसा नव्हता, दुधाचा डबा घ्यायला पैसा नव्हता आणि वेगळी खोली तर स्वप्नातही नव्हती. मूल अंगाशीच वाढत होते.

पण आजीचे हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही आणि शहरातल्या वर्गातली शिकवणही पुरेशी वाटत नाही. दोघींच्या अंगाशी मूल आहे हे खरे. एकीने ते निवडले आहे आणि दुसरीपुढे दुसरा मार्गच नाही. या दोहोंत फरक काय आणि तो कशाने भरून निघेल, हे पाहणे या लेखाचे काम आहे. कारण मुलाला कोणीतरी जवळ धरायचेच असते. प्रश्न एवढाच की त्याची किंमत घरातले कोण मोजते.

आधी त्या शास्त्राविषयी. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मुलाला माणसाचा लळा कसा लागतो, याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. घरदार हरवलेल्या मुलांच्या मानसिक स्थितीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५१ मध्ये अहवाल लिहिला. अन्न, औषध, स्वच्छता सर्व मिळूनही मायेचे ठरलेले माणूस नसेल तर मूल आतून खचते, असे त्याचे म्हणणे होते. लळ्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १९६९ पासून खंडाखंडाने आला. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांतून, सव्वीस कुटुंबांतली तान्ही मुले आणि त्यांच्या आया घरी जाऊन महिनोन्‌महिने पाहिल्या. हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. आज श्रीमंत देशांतल्या आयांना शिकवल्या जाणाऱ्या या शास्त्राचा पहिला मोठा प्रत्यक्ष अभ्यास आफ्रिकेतल्या, स्वतःच्या शेतात राबणाऱ्या, मूल अंगाखांद्यावर वागवणाऱ्या बायांच्या दारात झाला. पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात तिने तोच अभ्यास पुढे नेला. नंतर विल्यम सिअर्स या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या पत्नीने त्यातून आईबापांसाठी एक आचारपद्धती तयार केली. तिच्यात सात गोष्टींची यादी आहे. त्यांचे गाजलेले पुस्तक १९९३ चे.

पण मूळ शास्त्र आणि ही यादी एकच नव्हे. एन्सवर्थला जे दिसले ते असे: भ्यालेले, दुखावलेले, भुकेलेले मूल ज्याच्याकडे धाव घेते आणि ज्याच्यापाशी शांत होते असे माणूस त्याला असेल, तर तेच मूल पुढे धीट होते. ते दूर रांगत जाते, वस्तू हाताळते आणि अधूनमधून मागे वळून पाहते. असे माणूस होण्यासाठी हाक ऐकणे आणि ओ देणे, बऱ्याच वेळा आणि बऱ्याच अंशी, एवढेच लागते. प्रत्येक वेळी नाही. कापड कोणत्या जातीचे, मूल कोणत्या गादीवर झोपले यावर ते अवलंबून नाही. आणखी एक गोष्ट वर्गात क्वचित सांगितली जाते. मुलाला लळा एकाच माणसाचा लागतो असे नाही. आजी, मावशी, बाप, शेजारीण, पाळणाघरातली बाई अशी तीन-चार ठरलेली माणसे असली तरी चालते. रोज बदलणारी, अनोळखी, कंटाळलेली माणसे मात्र चालत नाहीत.

हे एवढे समजले की या शास्त्राच्या नावाने आईवर जो आरोप ठेवला जातो त्यातली लबाडी उघडी पडते. ब्रिटनमध्ये युद्धकाळात कारखान्यात कामाला लागलेल्या स्त्रियांसाठी पाळणाघरे उघडली होती. युद्ध संपल्यावर ती मोठ्या संख्येने बंद झाली, आणि आईची जागा मुलापाशी, हे म्हणायला नवे शास्त्र सोयीचे पडले. आपल्याकडेही कोणी पांढरपेशा व्याख्याता सहज म्हणून जातो की कामावर जाणाऱ्या आईच्या मुलाचे मन कोरडे राहते. दलित आणि आदिवासी बाई कामावर न जाणारी कधी होती? तिच्या घरातली सगळीच माणसे कोरडी निघाली असती.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळू. हा शब्द कानावर आला की आपण थोडे सावध झालेले बरे. जन्मावरून उच्चनीचता हीसुद्धा निसर्गाचीच व्यवस्था आहे, असे आपल्याला शतकानुशतके सांगण्यात आले. बाळंतपणाचेच पाहा. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणीचे काम मांग-महार समाजातल्या बायांकडे होते. गावातल्या पाटला-कुळकर्ण्यांच्या घरचे मूल पहिल्यांदा ज्या हातांनी जगात घेतले, ते हात नाळ कापून झाल्यावर विटाळाचे ठरत. बाळाला आंघोळ घालून तो स्पर्श धुऊन टाकला जाई. सुईणीचे ज्ञान खरे होते. पोटावरून हात फिरवून मूल आडवे की उभे हे तिला कळे. पण त्या ज्ञानाला मान नव्हता, मोबदला नव्हता आणि गुंतागुंत झाली तर तिच्या हाती साधनही नव्हते. धनुर्वाताने, रक्तस्रावाने, तापाने किती आया आणि मुले गेली याची गणती कोणी ठेवलेली नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणीची उपासमार वाचली म्हणजे घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणाऱ्याची जीभ अडखळावी. बाळंतिणीला खायला नाही, तर दूध कोठून येणार? त्यात नैसर्गिक काय होते? ती भूक माणसांनी लादलेली होती.

शिवाय जे जुने ते सारे नैसर्गिक, असेही नाही. पहिले दोन-तीन दिवस आईला येणारे पिवळसर दाट दूध म्हणजे चीक. त्यात बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्ये असतात. तो पिळून टाकून बाळाला गूळपाणी किंवा मध चाटवण्याची रीत कित्येक घरांत होती, अजूनही आढळते. गायीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि बाईचा चीक नासका समजून फेकतो. बाळ जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही, पाणीसुद्धा, देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात आजी पाणी पाजायला सांगते तेव्हा तिचा जीव तुटत असतो, पण तिचे चुकते. आईच्या दुधात पाणी पुरेसे असते, आणि वस्तीतल्या टाकीच्या पाण्याने मुलाला जुलाब लागतात.

याउलट, निसर्गावर सोडून न देता केलेली साधी मदत काय करते ते गडचिरोलीत दिसले. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, स्तनपानाला मदत करायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. नवजात मुलांचे मृत्यू त्या गावांत सुमारे बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी सहा-सात वेळा येते, ती याच वाटेने. ती आली नाही तर का आली नाही हे विचारण्याचा बाळंतिणीला अधिकार आहे. तसेच ‘कांगारू’ पद्धतीचे. कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या एका गरिबांच्या इस्पितळात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळाला ऊब मिळाली, दूध मिळाले, मृत्यू घटले. साधनांच्या टंचाईतून निघालेली ही युक्ती आज साऱ्या जगाने स्वीकारली आहे. ही ऊब बापाच्या छातीचीही चालते, याकडे मी पुढे येईन.

दुधाचा प्रश्न मात्र उपदेशाने सुटणारा नाही. आईच्या अंगात दूध मागणीप्रमाणे तयार होते. मूल जितक्या वेळा ओढेल तितके येते. दिवसाचे आठ-नऊ तास ओढले गेले नाही तर छाती दाटते, दुखते आणि काही आठवड्यांनी दूध आटू लागते. मग घरात डबा येतो किंवा पाणी घातलेले गायीचे दूध बाटलीतून जाते. बाटली नीट उकळलेली नसते. डब्यातली पावडर परवडावी म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा पडतो. बाईला हे कळत नाही असे समजू नये. तिच्यापुढे दुसरा उपाय कोणी ठेवलेला नसतो. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध जगभर चळवळ झाली, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता केली आणि भारतात १९९२ च्या कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आली. मुंबईला शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आईच्या दुधाची पेढी निघाली. ती आशियातली पहिली मानली जाते. जाहिरात बंद करता येते, पेढीही काढता येते. बाईचा दिवस मात्र तसाच राहिला.

दूध हाताने काढून ठेवता येते, हे आपल्या कार्यकर्त्या बायांनी वस्तीत दाखवायला हवे. हात धुवावेत, उकळून घेतलेल्या वाटीत दूध काढावे, झाकून थंड सावलीत ठेवावे. साधारण चार तास ते चालते, कडक उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नये. पाजायचे ते वाटी-चमच्याने, बाटलीने नव्हे. सकाळी निघण्यापूर्वी आणि आल्याबरोबर अंगावर घ्यावे, रात्री मूल जवळ ठेवावे. रात्रीचे पाजणे कामकरी आईचे दूध टिकवते. मात्र त्याच अंथरुणात दारू प्यालेला माणूस झोपता कामा नये. झोपेत त्याचा हात किंवा अंग तान्ह्या मुलावर पडले तरी त्याला शुद्ध नसते. शहरातल्या वर्गात हा मुद्दा तळटीप म्हणून येतो. आपल्या वस्तीत तो पहिला आहे.

आता बांधावर परत येऊ. कांद्याची लागण बहुधा उक्ती असते. एकराचा भाव ठरतो आणि टोळीतल्या बाया तो वाटून घेतात. यात एक क्रूर गोष्ट आहे, ती लांबून दिसत नाही. रोजंदारीत बाई मुलाला पाजायला उठली तर खोटी होते मालकाची. उक्त्यात ती उठली तर खोटी होते शेजारच्या बाईची. मालकाला काही बोलावे लागत नाही. टोळीतल्या नजराच तिला खाली बसवतात. मग मुकादम पहाटे पिकअप भरताना विचारतो, पोर आणणार का? आणणार असेल तर उद्या दुसरी बाई. म्हणून कित्येक बाया मूल घरीच ठेवतात. आणि द्राक्षाच्या बागेत तर मूल आणूच नये अशी स्थिती आहे. बागलाण हा आगाप द्राक्षांचा पट्टा. छाटणीपासून विरळणीपर्यंत बायांचे हात लागतात आणि फवारण्या सतत चालू असतात. ज्या वेलीखाली सावली आहे, तीच सावली विषारी. फवारणीच्या बागेतून आलेल्या आईने हातपाय, छाती धुऊन, लुगडे बदलून मगच मूल घ्यावे. पण धुण्यासाठी पाणी आणि मोरी लागते.

या साऱ्याला कायदा काय म्हणतो? मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया बाळंतपणाच्या अगदी आदल्या दिवसापर्यंत साच्यावर उभ्या राहत. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने त्यांची पाहणी केली, तेव्हा आई कामावर असताना मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफू चारली जात असल्याची नोंद तिने केली. आपल्या खेड्यांतली ‘बाळगोळी’ तीच. त्यानंतर २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांना प्रसूतीकाळात भत्ता देण्याच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, पण त्या बाईच्या श्रमातून नफा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असे त्यांच्या भाषणाचे सार. बोलणाऱ्याने आपल्या पाच मुलांपैकी चार मुले गमावली होती. राजरत्न गेला तो त्या भाषणाच्या दोनच वर्षे आधी, जुलै १९२६ मध्ये. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. तो देशातला पहिला.

तेथून पुढे १९६१ चा केंद्रीय प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ मध्ये त्याच्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद घेतली गेली. सव्वीस आठवडे म्हणजे जवळपास तेच सहा महिने, ज्यांत मुलाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. कायदा करणाऱ्यांना शास्त्र माहीत होते. कांदा लावणारी बाई मात्र या कायद्यात कोठेच नाही. तिचा मालक दर आठवड्याला बदलतो, तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचा प्रसूती लाभ सांगितला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी प्रत्यक्षात पाच हजार ठरले, तेही हप्त्यांनी. २०२२ पासून दुसरे मूल मुलगी असेल तर सहा हजार मिळतात. आपल्या तालुक्यात बाईची जी रोजंदारी असेल तिने पाच हजारांना भागून पाहावे. उत्तर आठवड्यांत मोजता येते, महिन्यांत नाही. एकीला सव्वीस आठवडे पगार आणि दुसरीला एवढे. नैसर्गिक संगोपनाच्या निवडीविषयी बोलताना हा भागाकार आधी करावा.

आणि हा भागाकार जुळत नाही तेव्हा घर काय करते? घर मोठ्या मुलीला शाळेतून काढते.

लेखाच्या सुरुवातीला झोळीची दोरी धरून बसलेली मुलगी आठवावी. ती आठ वर्षांची आहे. तिच्या हातून मुलाला लळा लागतो, हे खोटे नाही. उलट फार खोल लागतो. आपल्यापैकी कित्येकांना आईपेक्षा मोठ्या बहिणीच्या कमरेची आठवण अधिक आहे. तिच्या त्या बाजूच्या हाडावर मूल टेकवण्याची सवय इतकी झालेली असते की ती सरळ उभीच राहत नाही. मी शिकलो, सभेत बोललो, लिहिले. माझ्या आधी जन्मलेली बहीण तिसरीत शाळेबाहेर पडली ती माझ्यासाठी. हे मला फार उशिरा कळले. ‘तिला शिक्षणाची आवड नव्हती’ असे घरात सांगितले जाई आणि मीही ते खरे मानत आलो. आमच्या घरातले जे संगोपन त्याचा अर्धा भार आठ वर्षांच्या मुलीवर होता, आणि तिचे स्वतःचे संगोपन करायला कोणी नव्हते.

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे एका विधवेला झालेला यशवंत १८७४ मध्ये दत्तक घेतला. लळा रक्ताने लागत नाही, सांभाळण्याने लागतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे कोणते? १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल पाठीवर घेऊन सावित्रीबाई यशवंताच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. मूल पाठीवर घेणारी बाई मोठी होती, शिकलेली होती आणि तिने ते स्वतः ठरवले होते. झोळीपाशी बसलेल्या मुलीला कोणी विचारले होते?

म्हणून पाळणाघराची मागणी ही आईला मुलापासून तोडण्याची मागणी नव्हे. ती मुलाला एक ठरलेले, मोठे, मोबदला मिळणारे, मायेचे माणूस देण्याची आणि बहिणीला शाळेत परत पाठवण्याची मागणी आहे. हे आपल्याकडे झालेले नाही असे नाही. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केले. मुले बालवाडीकडे येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, एवढा साधा विचार त्यांनी केला आणि ‘अंगणवाडी’ जन्माला आली. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी इमारतीच्या बांधकामावर मजूर बायांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे मुंबईतही तिचे काम झाले. जेथे काम तेथे पाळणा. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी, असे लिहिले होते. सरकारी कामावर जे मान्य झाले ते खासगी शेतावर का मागू नये, हा प्रश्न मजूर संघटनांनी फारसा लावून धरलेला नाही. त्यातही पुढारी बहुधा पुरुष.

१९७५ पासून चाललेल्या सरकारी अंगणवाडीत तीन वर्षांवरची मुले काही तास बसतात. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नाही. लळ्याच्या दृष्टीने तर पहिली तीन वर्षेच सर्वांत नाजूक. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना केंद्राने २०२२ मध्ये ‘पाळणा’ या नावाने आणली. आपल्या गावाच्या अंगणवाडीला ते जोडले आहे काय, नसेल तर मागणी कोणी केली, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. विचारताना एवढे सांगावे की पाळणाघर लागणीच्या दिवसांत पहाटे उघडले पाहिजे. दहा वाजता उघडणारे पाळणाघर पिकअप निघून गेल्यावर उघडते.

आणि बाप? आपल्या चळवळीतल्या माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ कधीच येऊन गेली. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर दोन्ही हातांनी उचलणारा कार्यकर्ता घरी आपले मूल एका हाताने तरी उचलतो काय? ‘बायकी काम’ हा शब्द आपण कोणाकडून घेतला? ज्या समाजरचनेने ‘महारकी’ आणि ‘मांगकी’ ठरवून दिली तिच्याकडूनच. कामे जन्मावर वाटायची आणि हलकी ठरवायची, ही तिची रीत. ती आपण वेशीबाहेर सोडली म्हणतो आणि घरात जपतो. कांगारू पद्धतीत बापाची छाती तितकीच उबदार ठरते. एन्सवर्थच्या अभ्यासाने सांगितले ते ओ देणारे माणूस पुरुष असायला कोणतीच अडचण नाही. दूध सोडून सर्व त्याला जमते. रात्री मूल रडले की आईने पाजावे आणि त्याने उचलून, थोपटून झोपवावे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. सभेहून उशिरा येणाऱ्यालाही ते जमते, कारण मूल त्या वेळी जागेच असते.

या नियतकालिकाचे बरेच वाचक शिक्षक आहेत. बागलाण, कळवण, मालेगाव, देवळा भागातल्या शिक्षकांनी एक काम करून पाहावे. आपल्या वर्गाचे हजेरीपत्रक काढावे आणि दुसरी ते पाचवीतल्या मुलींच्या नावापुढे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या महिन्यांत किती गैरहजेऱ्या आहेत त्या मोजाव्यात. मग त्याच मुलींच्या जून-जुलैच्या हजेऱ्यांशी ताडून पाहाव्यात. जेथे फरक मोठा दिसेल त्या घरी जावे, पण मुलगी शाळेत का येत नाही असे विचारू नये. त्याचे उत्तर ठरलेले असते. घरात दोन वर्षांखालचे मूल आहे काय, आणि आज ते कोणापाशी आहे, एवढेच विचारावे. मुलगी बहुधा दारातच उभी असेल.